माझ्या अंगावरचे बावीस ईस्टर

मित्रांनो, आमच्या बेटाच्या धक्क्यावर बोट लागली की सगळ्यांत आधी मी दिसते. टेकडीच्या खांद्यावर बसलेली, गोल, पांढरीशुभ्र. नवख्या माणसाला एखादे मोठे चर्चच वाटावे. प्रत्यक्षात मी डिझेलची टाकी आहे, आणि वयाने पन्नाशी ओलांडली आहे. वीजघराची चारही यंत्रे माझ्याच पोटातले डिझेल पिऊन चालतात.

माझे पत्रे बोटीतून आले. वेल्डरांनी ते ओळीवर ओळ चढवून जोडले. सर्वांत खालची ओळ दहा मिलीमीटर जाड, कारण भरलेल्या पोटाचा सारा भार तिच्यावर येतो. पहिल्यांदा मला भरले तेव्हा सगळे गाव बघायला लोटले होते. मी जराही पाझरले नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

पण डिझेलबरोबर थोडे पाणीही येते, आणि ते तळाशी जाऊन बसते. त्या पाण्याने मला आतून कुरतडायला सुरुवात केली. बाहेरून काही दिसत नव्हते. मला कळत होते, पण सांगायला मला तोंड नाही.

बाहेरून माझी काळजी स्त्रातिस घेई. तो आमचा रंगारी. त्याचे घर माझ्या बरोबर खाली, उतारावर. तिथे तो, त्याची मुलगी आणि सहा वर्षांची नात राहतात. ईस्टरच्या आधी इथे घरे, पायऱ्या, झाडांचे बुंधेसुद्धा पांढरे रंगवतात. गुड फ्रायडेची मिरवणूक माझ्यासमोरून जाते, म्हणून स्त्रातिस मलाही दरवर्षी रंगवी. आधीच्या रंगावर नवा रंग, असे बावीस ईस्टर. मी नटवी आहे. मला ते फार आवडे, हे कबूल करते.

सणानंतर जुना तपासनीस येई. त्याच्याजवळ हातात मावणारे एक यंत्र होते. अंगाला चिकट लेप लावून त्यावर यंत्राचे टोक टेकवायचे. मग बारीक आवाज आत जातो, पत्र्याच्या पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून जाडी कळते. मला ना भोक पाडावे लागते, ना ओरखडा काढावा लागतो. सहाच्या खाली आकडा गेला तर मी धोक्यात, असे ठरलेले होते. तो लिहून घेई: आठ. पुढे आठ पूर्णांक चार. मग आठ पूर्णांक नऊ. वीजघराचे प्रमुख व्रासिदास साहेब खूश होऊन म्हणत, आमची टाकी म्हातारपणी बाळसे धरते आहे.

यंदा जुन्याच्या जागी पोलिक्सेनी आली, तीही सणाच्या आधी, बुधवारी सकाळी. धक्क्याला डिझेलचे जहाज लागले होते. नळी जोडून झाली होती. मी एक तृतीयांश भरलेली होते, आणि दुपारपर्यंत मला काठोकाठ भरायचे होते. माझ्या अंगावरचा नवा रंग नुकताच वाळला होता.

तिने खालच्या ओळीवर यंत्र टेकवले. नऊ. मग ती जुनी वही उघडून उभ्या उभ्या वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरला.

"साहेब, लोखंड वाढत नसतं," ती म्हणाली. "इथला रंग खरवडून मला पुन्हा मोजायचंय. तोवर झडप उघडू नका."

व्रासिदास साहेबांचा पारा चढला. हे जहाज परत गेले तर पुढचे दहा दिवसांनी, आणि सणाला बेट अंधारात. जुना तपासनीस फोनवरही हो म्हणेल, असे त्यांनी तिला सुनावले आणि खरोखरच फोन काढला. स्त्रातिस तर माझ्या पुढ्यात हात पसरून उभा राहिला. परवा मिरवणूक आणि ही शहरातली पोर आपले काम नासवणार, म्हणून तो तणतणत होता. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. माझ्याभोवती एक बुटका बांध आहे, पण भरलेली टाकी एकदम फुटली तर तो कुठवर पुरणार?

पोलिक्सेनीने आवाज चढवला नाही. तिने स्त्रातिसला विचारले, "काका, ही किती वेळा रंगवलीत?"

"बावीस."

"दर वेळी आधीचा रंग काढून?"

"काढून? अगं, एक टवका उडू दिला नाही मी तिचा."

"म्हणजे सगळे थर अजून अंगावर आहेत. यंत्राचा आवाज त्यांच्यातूनही जातो, काका. आणि रंगात तो रेंगाळतो. रंगाचा एक मिलीमीटर या यंत्राला अडीच मिलीमीटर लोखंड वाटतो."

 स्त्रातिसने मान वळवून खाली आपल्या घराकडे पाहिले. मग पिशवीतून खरवडणी काढली आणि माझ्यासमोर गुडघे टेकले. तळहाताएवढी जागा उघडी करायला त्याला बराच वेळ लागला. व्रासिदास साहेब फोन कानाला लावायचे विसरले होते.

तीन पूर्णांक सात. हातभर अंतरावर दुसरी जागा उघडली. तीन पूर्णांक चार.

साहेब स्वतः चालत झडपेपाशी गेले आणि नळी सोडा म्हणाले. जहाजातले जेवढे मावले तेवढे शेजारच्या छोट्या टाकीत गेले. ती रिकामी होईल तसे माझ्यातलेही हळूहळू तिथे ओढायचे ठरले. सणभर आळीपाळीने वीज गेली आणि लोकांनी वीजघराचा यथेच्छ उद्धार केला.

शुक्रवारी मिरवणूक आली तेव्हा माझ्या कमरेखाली तांबूस ठिगळे होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाववाल्याने स्त्रातिसला टोमणा मारला, "काय रे, यंदा हात आखडला वाटतं?"

"हात कसला आखडतोय," स्त्रातिस म्हणाला. "बावीस वर्षं मीच तिचा आजार झाकत आलो."

सण सरल्यावर मला रिकामे करून धुतले. वेल्डर आत उतरला, त्याच्यामागून स्त्रातिसही. वेल्डरने खालच्या ओळीवर हातोडीने हलकेच ठोकत नेले, आणि गंजाने सर्वांत जास्त खाल्लेल्या जागी पत्रा आरपार गेला. हाताचे बोट जाईल एवढे भोक पडले. स्त्रातिसने वाकून त्याला डोळा लावला. समोर त्याचेच अंगण होते. दोरीवर नातीचे कपडे वाळत होते. तो कितीतरी वेळ तसाच वाकलेला राहिला.

बाहेर आल्यावर तो पोलिक्सेनीला एवढेच म्हणाला, "पोरी, पुढच्या वर्षी आधी तू ये. मग मी."

आता माझी खालची ओळ नवी कोरी आहे. मित्रांनो, मला रंगवा, जरूर रंगवा, मी नको म्हणणार नाही. पण ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला सजवण्याआधी तो आतून बरा आहे का, एवढे विचारत जा. त्या बुधवारी मला कोणी विचारले नसते, तर ते अंगण, ते कपडे आणि ते घालणारी पोर यांतले काहीच आज उरले नसते.