वांग्यांना जाणारं पाणी

मिस्त्रीनं पाना हातात घेतला तसा मी स्टूल ओढून अगदी त्याच्यासमोर बसलो.

"काका, उजेड अडवताय."

"अडू दे. मला नीट दिसलं पाहिजे."

गावाच्या विहिरीचं पाणी खारट. मशीनमधून निघालं की गोड होतं. मशीनच्या तीन नळकांड्यांत तीन गुंडाळ्या असतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि खार मागं राहतो. मशीनच्या खोलीची किल्ली सहा वर्षं बायकोकडं होती. उन्हाळ्यात ती वारली आणि किल्ली माझ्याकडं आली. तेव्हापासून धार बारीकच होत गेली. हंड्याला दोन मिनिटं लागायची, तिथं सात लागू लागली.

गिरणीवाली वहिनी परवा रांगेतूनच म्हणाली, "भाऊजी, म्हातारं कोण झालं, मशीन की तुम्ही? रविवारी गावाची बैठक आहे. किल्ली दुसऱ्याकडं द्यायचं चाललंय."

माझा संशय मिस्त्रीवर. मागच्या महिन्यात मी नसताना तो येऊन गेला होता. चांगल्या गुंडाळ्या काढून जुन्या बसवल्या असणार. पण बायको माझ्याहून संशयी. नवी गुंडाळी आली की तिच्या टोकाला खिळ्यानं तीन रेघा ओढून ठेवायची. आज रेघा दिसल्या नाहीत तर त्याला सोडायचा नाही, असं ठरवून बसलो होतो.

त्यानं पहिली गुंडाळी ओढली. अंगभर बुळबुळीत थर, शेवाळल्या डबक्यासारखा वास. त्यानं टोक अंगठ्यानं पुसलं. खाली तीन रेघा.

"ही कसली खूण, काका?"

"आमचीच आहे," मी म्हणालो. स्टूल जरा मागं ओढलं.

"मशीन बंद करताना आतून धुता का?"

"पाण्याच्या मशीनला काय धुवायचं?"

"खारं पाणी आत कोंडून राहतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते चिकटतात. एकदा संसार थाटला की हलत नाहीत. म्हणून बंद करताना पाव तास गोडं पाणी सोडायचं. काकूंना शिकवलं होतं मी."

पाव तास. शेवटचा हंडा गेला की बायको मागचा निळा कॉक उघडायची. पहिलं पाणी नाल्यात, नंतरचं मागच्या वांग्यांना. गिरणीवालीनं गावभर केलं होतं, 'आम्ही रांगेत, आणि गोडं पाणी हिच्या वांग्यांना.' मलाही तेच वाटायचं. एकदा म्हणालो, "चार वांग्यांसाठी गावाच्या शिव्या का खातेस?" ती म्हणाली, "शिव्या फुकट मिळतात, गुंडाळी मिळत नाही." मी पुढं विचारलं नाही.

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो कॉक तारेनं बांधून टाकला. मेल्यावर तरी तिला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

मिस्त्रीनं औषधाच्या पाण्यात गुंडाळ्या धुतल्या. दोन सुधारल्या. तिसरी गेली, तिच्या जागी त्यानं नवी बसवली. गेलेली मी पायरीवर ठेवली.

संध्याकाळी शेवटचा हंडा गिरणीवालीचा. तो भरल्यावर मी पक्कडीनं तार तोडली आणि कॉक उघडला.

"झालं का परत सुरू?" ती म्हणाली. "वांगी तर कधीच वाळली."

"वहिनी, त्या पायरीवरच्या गुंडाळीला हात लावा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बोट लावलं, हुंगलं आणि भिंतीला पुसलं.

"हे आपण प्यायचो?"

"नाही. हे धरू नये म्हणून ती रोज पाणी सोडायची. मी बंद केलं, म्हणून धरलं."

वहिनी हंडा खाली ठेवून पायरीवर बसली.

"किती वेळ सोडायची?"

"पाव तास."

पाणी वाळक्या वाफ्यात शिरत होतं. थोड्या वेळानं मी कॉककडं हात नेला.

"अजून सहा मिनिटं आहेत," ती घड्याळ बघत म्हणाली. "रविवारी सांगते, किल्ली भाऊजींकडंच राहू द्या. पण रोज संध्याकाळी मी इथं येऊन बसणार. तुमचा भरवसा नाही."