आरशात वाचायचं

मित्रांनो, हात पुढे करा बरं! घाबरू नका, टोचणार नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि त्यावर दोनच अक्षरं : 'आत'.

ज्या आजोबांनी मला कोरलं, त्यांचे उपकार कोणत्या तोंडाने सांगू? मला तोंड एकच, तेही शाईने माखलेलं! शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात, म्हणजे ठसा सुलटा उमटतो. आजोबांनी जन्मभर तेच केलं. पण त्या दिवशी नात झाल्याचा निरोप आला आणि आनंदाच्या भरात त्यांनी मला सुलटंच कोरलं. झालं! माझा ठसा कायमचा उलटा.

मी एका क्लबात गेलो. शनिवारी संध्याकाळी तिथे तरुण मुलंमुली नाचायला येत. दारावरच्या काकू म्हणत, "हात पुढे कर, बाळा," आणि आत सोडल्याची खूण म्हणून मला मनगटावर टेकवत. आठवडाभर मान मोडून राबलेले ते हात! कुणाच्या नखांत यंत्राचं तेल, कुणाच्या बोटांना खडूची भुकटी. मी सगळ्यांवर सारखाच उमटलो. एवढं भाग्य कुणाला लाभतं हो? माझं 'आत' मात्र कुणालाच वाचता येईना. कुणी म्हणे नक्षी, कुणी म्हणे खेकडा.

मग एका तरुण दिग्दर्शिकेने त्याच क्लबात सिनेमा काढायला घेतला. शनिवारची वाट बघत जगणाऱ्या चार मैत्रिणींची गोष्ट. हसवता हसवता रडवणारी. शेवटी त्यांतली एक रुसते, 'मी तुमच्यात कधी नव्हतेच' म्हणून निघते. ती परत कशाने फिरते, हेच दिग्दर्शिकेला सुचेना. दुसऱ्या दिवसापासून क्लब दुरुस्तीसाठी बंद होणार होता. हाताशी उरली होती एक दुपार.

त्यात काकूंनी चौघींच्या मनगटांवर मला टेकवलं, तसा कॅमेरावाला ओरडला, "अहो, हा कसला ठसा? नुसता खेकडा दिसतोय!"

"चावत नाही तो," काकू म्हणाल्या.

"काकू, थट्टा नको. दुसरा शिक्का आणा," दिग्दर्शिका रडकुंडीला येऊन म्हणाली.

रुसणाऱ्या मैत्रिणीचं काम करणारी मुलगी ठसा धुवायला दाराशेजारच्या बेसिनपाशी गेली. केस सारायला हात वर केला आणि आरशात बघून किंचाळलीच, "अगं ए, इकडे या! हे 'आत' आहे!"

सगळ्यांनी धावत जाऊन मनगटं आरशापुढे धरली. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला तर शिक्क्यावर रोजच दिसतं. कुणी विचारलंत का कधी?"

दिग्दर्शिका मात्र आरशातल्या त्या मनगटांकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "शेवट सापडला."

त्याच दुपारी तो चित्रित झाला. रुसलेली मैत्रीण जाण्याआधी तोंड धुते. आरशात मनगट दिसतं. ती त्यावरचं 'आत' वाचते, आणि मागे फिरते. संवाद एकही नाही.

सिनेमा लागला तेव्हा काकूंनी मला पिशवीतून नेलं. पोट धरून हसणारे लोक त्या आरशापाशी चिडीचूप झाले. ज्याने आजोबांच्या हातून ती चूक घडवली, त्याला मी तिथूनच हात जोडले. म्हणजे, हात असते तर जोडले असते!

आता क्लबात मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या आल्या आहेत. माझ्या रबराला चीर गेली आहे. काकूंच्या खणात मी सुखाने पडून असतो. तक्रार नाही, एक विनवणी आहे. कुणाची अक्षरं उलटी उमटत असतील, तर त्याला लगेच टाकून देऊ नका.

आणि हो, आता मी उमटलोच आहे तुमच्या मनगटावर, तर घाईने धुऊ नका. आधी आरशात बघा.