नजरेला नजर

"पुन्हा बाहेर जा आणि पुन्हा आत ये," मृत्युंजय सर म्हणाले.

पुनम निमूट उठली, बाहेर गेली, दार ढकलून परत आली. नमस्कार केला, सांगितल्यावरच बसली, पर्स खुर्चीशेजारी ठेवली. सगळं बरोबर होतं. फक्त बोलताना ती सरांच्या मागच्या भिंतीवरल्या कॅलेंडरकडं बघत होती.

"नजर इकडं," सर म्हणाले. "विचारणाऱ्याच्या डोळ्यात बघायचं. खरं बोलणाऱ्याची नजर पळत नसते."

हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवत. नांदेडात मुलाखतीचा कॉल आला की पोरं आधी देवाला आणि मग मृत्युंजय सरांकडे जात. बायोडाटात काय गाळायचं, पगाराचा विषय कधी काढायचा, आधीची नोकरी का सोडली याचं उत्तर कसं द्यायचं, सगळं सर फुकट सांगत. त्यांच्या हाताखालची किती तरी पोरं बँकेत, कचेऱ्यांत चिकटली. सर स्वतः मात्र केस पिकले तरी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की घरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि हे त्यांची बायको देविका पाहुण्यांसमोरही बोलून दाखवायची.

आता मात्र बिलोलीकडच्या एका कॉलेजात भूगोलाची कायम जागा निघाली होती आणि ती सरांचीच होती. जाहिरात यायच्या आधीपासून. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांचे अहवाल सरांनी वर्षानुवर्षे लिहिले होते, त्यांच्या नातवाची शिकवणी घेतली होती, घरच्या लग्नात पंगतीसुद्धा वाढल्या होत्या. बापूसाहेबांनी शब्द दिला होता. वयाची अट बघता ही संधी शेवटची होती.

पण जागा ठरलेली असली तरी मुलाखत खरी दिसावी लागते. त्यासाठी आणखी चार उमेदवार हवेत, आणि ते ज्याची जागा त्यानंच आणायचे, अशी आपल्याकडची रीत. त्यांना वऱ्हाडी म्हणतात. लग्न दुसऱ्याचं ठरलेलं, यांनी फक्त जेवून परत यायचं. सर स्वतः कितीदा तरी असे वऱ्हाडी होऊन गेले होते. या रिवाजात एवढी एक माणुसकी होती, की वऱ्हाड्याला आधी सांगितलेलं असायचं.

सरांचे तीन वऱ्हाडी तयार होते. चौथ्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं, आणि त्याच दिवशी पुनमचा फोन आला. ती इस्लापूरची, सरांची जुनी विद्यार्थिनी. हिमायतनगरच्या एका खाजगी शाळेत शिकवत होती. जाहिरात बघितली, अर्ज करू का, म्हणून विचारत होती. सरांनी कर म्हणून सांगितलं, आणि मुलाखतीच्या सरावालाही बोलावून घेतलं. सरही अर्ज करणार का, असंही तिनं विचारलं. मी आपला नावाला बसतो, सर म्हणाले. पोरीला अनुभव मिळेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अशी समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही.

मुलाखतीच्या दिवशी पहिले तीन वऱ्हाडी आत जाऊन लगेच बाहेर आले आणि जेवायला कुठं बसायचं ते विचारू लागले. मग पुनम आत गेली, ती येईचना. दार अर्धवट उघडं होतं. विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञांनी धबधबा कसा तयार होतो ते विचारलं होतं, आणि पुनम गावाजवळचं सहस्रकुंड सांगत होती. कुठला खडक टिकला, कुठला झिजला, पैनगंगा तिथंच का फुटते. तज्ज्ञांचा चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. आणि पुनम त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती. बाहेर बाकावरून मृत्युंजय सर दाराच्या फटीतून हे बघत होते. आपण शिकवलेलं आपल्याच मुळावर येतंय, हे त्यांना दिसत होतं, आणि तिनं आता तरी अडखळावं म्हणून ते मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

तज्ज्ञांना बापूसाहेबांनी जेवताना समजावलं. ते कसं समजावतात हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी सरांचं नाव जाहीर झालं. बापूसाहेबांनी सरांना बाजूला घेतलं.

"कुठून आणली ही पोरगी? अहो, वऱ्हाडी जरा कच्चे आणावेत. माझी लई पंचाईत झाली."

परतीच्या एसटीत पुनमनं सरांना खिडकीची जागा दिली. नोकरी सरांना लागली याचा तिला खरोखर आनंद होता. तुमचा अनुभव मोठा, मला काय घाई हाय, असं ती दोनदा म्हणाली.

"शाळेत रजा देत न्हाई म्हणले," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या, जायाचं तर कायमचं जा. म्या राजीनामा दिऊन आले, सर. आता दुसरं बघावं लागंल. म्हणून इचारते, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं तर बापूसाहेब आठवले, देविका आठवली, अजून हातात न पडलेला नेमणुकीचा कागद आठवला. आणि इतकी वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

"नजर," ते म्हणाले. "जरा नजर कमी पडली."

पुनमनं मान हलवली. तिला ते पटलं. सरांनी सांगितलेलं तिला कायम पटायचं.

"मंग आत्ताच सराव घ्या माझा," ती म्हणाली. "इचारा काय बी. बघा आता हालते का."

ती सीटवर वळून बसली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघू लागली, अजिबात पापणी न हलवता. सर खिडकीबाहेर कापसाच्या रानाकडं बघत राहिले. नरसी गेलं, नायगाव आलं, तरी त्यांना पहिला प्रश्न विचारता आला नाही.