पान चारशे बारा

वेळवणकर कुलमंडळाचं ऑफिस म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरची दहा बाय बाराची खोली. चौदा वर्षं दर शनिवारी आणि रविवारी स्वप्ना तिथे येत होती. कल्याणहून यायची, चपला दाराबाहेर काढायची, कॉम्प्युटर चालू करायची आणि तो जागा होईपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन यायची. मशीनवर विंडोज एक्सपी होतं आणि त्यावर मराठी टायपिंगचं एक जुनं पॅकेज. ते बनवणाऱ्या कंपनीचा फोनही आता लागत नसे. मशीन मधेच अडकलं की काय करायचं, हे ठाण्यात एकट्या स्वप्नाला ठाऊक होतं.

काम एकच होतं, कुलवृत्तांत. वेळवण गावातल्या मूळ पुरुषापासून अकरा पिढ्या, बाराशे कुटुंबं, प्रत्येक माणसाची नोंद. माहिती गोळा करायचे आबा, म्हणजे शिवराम वेळवणकर. वय चौऱ्याऐंशी. ते वहीतून वाचून दाखवत आणि स्वप्ना टाइप करत असे.

ती कुणाची कोण, हे आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तिनेच सांगितलं होतं. ती प्रीतम वेळवणकरची बायको. फेब्रुवारी २००५ मध्ये कल्याणला रजिस्टर लग्न झालं. मुलगी बौद्ध, चाळीतली, म्हणून लग्नाला वेळवणकरांपैकी कुणी आलं नाही. जूनमध्ये प्रीतम काविळीने गेला. तेराव्याला ती पोटात चार महिन्यांचं मूल घेऊन सासरच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिला पायरीवरूनच परत पाठवलं. नोव्हेंबरमध्ये आर्यन झाला. सहा वर्षांनी मंडळाने टायपिंगसाठी माणूस पाहिजे अशी जाहिरात दिली आणि ती आली.

आबांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "तू पुस्तक पुरं कर. तुझ्या मुलाचं नाव त्यात असेल. माझा शब्द."

शब्द त्यांनी पाळला, निदान तेव्हा. चारशे बाराव्या पानावर त्यांनी तिला स्वतः सांगून टाइप करायला लावलं: प्रीतम, पत्नी स्वप्ना, पुत्र आर्यन. पाच शब्द. त्यानंतर दर शनिवारी काम सुरू करण्याआधी ती ते पान उघडून एकदा बघायची आणि बंद करायची.

गेल्या वर्षी मंडळाची निवडणूक झाली आणि प्रशांत वेळवणकर अध्यक्ष झाला. प्रीतमचा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त. वीस वर्षांत तो स्वप्नाशी एक अक्षर बोलला नव्हता. आता बोलू लागला, पण टायपिस्टशी बोलावं तसा. तीही त्याला साहेब म्हणू लागली. त्याला दोन मुली. गावच्या देवळात उत्सवाचा पहिला मान त्याच्या घराचा, आणि तो मुलींकडे जात नाही. प्रशांतनंतर तो प्रीतमच्या मुलाकडे जाणार होता. गावचे विश्वस्त अशा वेळी तोंडी काही ऐकत नाहीत, छापील वृत्तांत उघडून बघतात. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

प्रशांतचा पहिला निर्णय नव्या कॉम्प्युटरचा होता. त्याची चुलत सून अमृता घोडबंदर रोडच्या एका आयटी कंपनीत होती. तिने येऊन एक्सपीचा तो निळा पडदा पाहिला आणि हसू दाबलं.

"स्वप्नाताई, हे म्युझियमला द्या. आमच्या ऑफिसात सांगितलं तर लोक सेल्फी काढायला येतील."

"चालतंय अजून."

"तुम्ही चालवताय म्हणून चालतंय. उद्या तुम्ही आला नाहीत तर बाराशे घरांचं काय?"

बोलणं खोटं नव्हतं. विंडोज अकराचं नवं मशीन आलं. जुन्या फाइली त्यावर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा सडा. ते युनिकोडमध्ये आणायला अमृताने एक कन्व्हर्टर दिला. त्यातून सहाशे चाळीस पानं बाहेर आली तेव्हा रफार भलत्याच अक्षरावर बसले होते, काही ओळी गायब होत्या, आठव्या पिढीतली माणसं पाचवीत गेली होती. स्वप्नाने जुनं आणि नवं मशीन शेजारी शेजारी मांडलं आणि चार महिने ओळीला ओळ ताडून पाहिली. पक्क्या प्रुफाच्या प्रत्येक पानावर आबांनी लाल शाईत सही केली. चारशे बाराव्यावरही केली.

"आता जुनं भंगारात जाईल," प्रशांत म्हणाला. "लोकांचे पत्ते, फोन नंबर आहेत त्यात. नीट फॉरमॅट करून सगळं पुसून दे. तुलाच जमतं ते."

तिने नीट फॉरमॅट केलं. स्वतःकडे प्रत ठेवली नाही. गिऱ्हाइकाची फाइल घरी न्यायची नाही, हा तिचा पहिल्या नोकरीपासूनचा नियम होता. आणि ही फाइल कुणी बदलेल असं तिच्या मनातही आलं नाही, कारण ती पुन्हा उभी केली होती तिनेच.

डिसेंबरात ठाण्यातल्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. स्वप्ना मागून तिसऱ्या रांगेत बसली होती. भाषणं चालू असतानाच तिने पुस्तक उघडलं. चारशे बारा, नववी ओळ. तिथे लिहिलं होतं: प्रीतम (अविवाहित).

तिने पान मागे-पुढे करून पाहिलं. आजूबाजूच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. प्रशांतच्या मुलींच्या डिग्र्यासुद्धा.

जेवणाच्या रांगेत तिने अमृताला गाठलं.

"मायग्रेशनमध्ये होतं असं, ताई. ओळी उडतात."

"उडतात. मीच त्या चार महिने परत बसवल्यात. पण उडालेल्या जागी नवा शब्द येतो का गं? कन्व्हर्टरने लिहिलं हे?"

अमृताने ताटलीत श्रीखंड वाढून घेतलं. "मी फक्त सेटअप करून दिला. कंटेंट माझ्याकडे नव्हता."

मग ती आबांकडे गेली. त्यांच्या खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ.

"आबा, तुम्ही सांगितलं तेच मी लिहिलेलं. सही पण केलेली तुम्ही."

आबा नारळाची शेंडी बोटांनी चाळवत राहिले. "पोरी, त्या नव्या विंडोजमध्ये काय झालं ते मला म्हाताऱ्याला काय कळणार?"

चौदा वर्षांत आबांनी विंडोज हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ते कॉम्प्युटरला यंत्र म्हणत. हा शब्द त्यांना कुणी पढवला, ते तिला विचारावं लागलं नाही. प्रशांत दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि इकडेच बघत होता.

पुढच्या शनिवारी तिने सह्यांच्या प्रुफांची फाइल मागितली. प्रशांतने ती लगेच काढून दिली. चारशे अकरा होतं, त्याच्या मागे चारशे तेरा.

"मधलं पान?"

"वाळवी लागली असेल," तो म्हणाला. "नौपाड्यात फार आहे."

"एकाच पानाला?"

"चवीने खाते ती."

घरी आर्यन म्हणाला, "आई, सोड ना यार. मी तिकडे कधी गेलेलो पण नाही. मला कोण विचारतंय?" त्याला खरंच फरक पडत नसावा, किंवा पडत असला तरी तो तिला दाखवणार नव्हता. तिने लग्नाचा दाखला, आर्यनचा जन्मदाखला आणि एक अर्ज, असे तीन कागद मंडळात दिले. अर्जावर पोच घेतली. पंधरा दिवसांनी प्रशांतचा फोन आला. आवाज चांगला होता.

"कमिटीने तुझा अर्ज मान्य केलाय. शुद्धिपत्र काढतोय, पुस्तकात घालून सगळ्यांना पाठवू. ये शनिवारी. पानाचं सेटिंग तुलाच माहीत."

शनिवारी ती लवकर गेली. नवं मशीन बटण दाबताच चालू झालं, चहाला जायला वेळच राहिला नाही. प्रशांत शेजारी खुर्ची घेऊन बसला आणि हातातल्या कागदावरून वाचू लागला. पहिली चूक, पृष्ठ सतरा, मृत्यूचं साल. दुसरी, पृष्ठ बावीस, पुण्याऐवजी पनवेल. स्वप्ना टाइप करत गेली. तेरा चुका लिहून झाल्या.

"चौदा. पृष्ठ चारशे बारा, ओळ नऊ. 'अविवाहित' ऐवजी, 'विवाहित, पत्नी स्वप्ना.'"

तिची बोटं भराभर चालली. विसाव्या वर्षी का होईना.

"पूर्णविराम. 'संतती नाही.' असे वाचावे."

ते दोन शब्दही टाइप होऊन पडद्यावर आले. टायपिस्टची बोटं ऐकलेलं उमटवतात, अर्थ मागाहून पोचतो. मग ती थांबली.

"जन्मदाखला दिलाय मी, साहेब. त्यावर प्रीतमचं नाव आहे."

"दाखल्यावर बाप कोण, ते आई सांगते. आम्ही कसं सांगणार?" प्रशांत कागदावरूनच बोलत होता. "लग्न फेब्रुवारीत. मार्चमध्ये तो अंथरुणाला खिळला. मुलगा नोव्हेंबरअखेरचा. मी वीस वर्षं कुणाला काही बोललो नाही. पण लोक महिने मोजतातच ना."

"तो एप्रिलपर्यंत कामावर जात होता."

"मग कोर्टात जा. इथून जवळच आहे, चालत जाशील." त्याने घड्याळ बघितलं. "तुला मान्य नसेल तर चौदावी काढून टाक. पुस्तकात आहे तेच राहील. तुझी मर्जी. मी जबरदस्ती करत नाही."

खालच्या दवाखान्यात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. स्वप्ना पडद्याकडे बघत राहिली. पुस्तक सांगत होतं की प्रीतमचं लग्नच झालं नव्हतं. ते वाचून वेळवणकरांच्या बाराशे घरांत कुणाच्या मनात काहीही येणार नव्हतं, कारण त्यात ती नव्हती आणि आर्यनही नव्हता. शुद्धिपत्र सांगणार होतं की ती बायको होती, आणि तिचा मुलगा प्रीतमचा नव्हता. ते बाराशे घरांत पोचलं असतं, तिच्याच नावासकट, तिच्याच अर्जावरून. आर्यन जिवंत होता. ते त्याला कुणीतरी कधीतरी दाखवलंच असतं.

"तुम्ही हे आधीच ठरवलेलं," ती म्हणाली.

"कमिटीने ठरवलं. आबांनी सूचक म्हणून सही केली आहे. बघायची?"

"नको."

तिने माउस धरून चौदावी नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत निळी केली आणि डिलीटचं बटण दाबलं. जुन्या मशीनवर असं काही काढलं की पुढचे आकडे एकेक करून हाताने बदलावे लागत, आणि एखादा चुकून राहिला तर मधे काहीतरी होतं हे वाचणाऱ्याला कळे. इथे खालची मोकळी ओळ आपोआप वर सरकली आणि तिच्या आधी चौदा आकडा उमटला.

"चौदा," प्रशांत वाचू लागला. "पृष्ठ चारशे तीस. वेळवणकरांच्या विहिरीचा फोटो उलटा छापला गेला आहे."

स्वप्नाने ते टाइप केलं.