गुरुप्रसादकाकांचा गोल तक्ता

दोष गुरुप्रसादकाकांचा. मग माझा. मी त्यांचा तक्ता बोलतोय, शर्टाच्या खोक्यातून कापलेला, पुठ्ठ्याचा, छत्तीस घरांचा, मधे टाचणीवर फिरणारा काटा.

माझं कुळ इजिप्तचं. तिथल्या पुजाऱ्यांनी ताऱ्यांचे छत्तीस गट केले. दर दहा दिवसांनी नवा गट पहाटे उगवायचा, रात्रीचे तास त्यांच्यावर मोजायचे. पुढे ग्रीकांनी ते राशींत बसवले, एकीत तीन. आपल्याकडे त्यांना द्रेष्काण म्हणतात. म्हणजे आम्ही मुळात घड्याळच. माणसांचा निवाडा आमच्या गळ्यात नंतर बांधला.

काका आखातात, मनामा शहरात क्लार्क. तिथल्या आपल्या लोकांच्या मंडळात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये जवळच्याच हिद्दच्या गोदीतला फिटर गणपत पेढे घेऊन आला.

"काका, पोरगी झाली. शेवंती नाव ठेवलंय." त्याने स्वतः लिहिलेल्या चिठ्ठीवर जन्माची वेळ होती सहा चाळीस.

काकांनी काटा फिरवला. तोंड वाकडं केलं. "बापाच्या मुळावर आलीय. एका छपराखाली राहू नकोस. तिला गावी धाड."

"दूध पिते हो अजून..."

"मग आईबरोबरच धाड. मी काय तुझा वैरी आहे?"

मायलेकी संगमेश्वरला गेल्या. गणपत सुट्टीवर गेला की भावाच्या घरी झोपायचा. लेकीला अंगणात बघायचा.

वर्षभराने काकांकडे चहाला गणपतबरोबर गोदीतला उस्मान आला होता, रत्नागिरीचा. गणपतचा हात धरून हसला. "अरे, इथे चार वाजलेत आणि तुझ्या मनगटावर साडेसहा?"

"गावची वेळ आहे ती. इथली वेळ गोदीचा भोंगा सांगतो. आई कधी जेवली, ह्याच्यावर कळतं."

"लेकीच्या जन्माची वेळही ह्याच घड्याळातली?" काकांनी हळूच विचारलं.

"ह्याच्यातलीच."

दोघे गेल्यावर काकांनी काटा अडीच तास मागे घेतला. चाळीस मिनिटांचं एक घर, म्हणजे जवळजवळ चार घरं. तिथे काहीच वाईट नव्हतं. त्यांची बोटं घामाने ओली झाली होती, माझा पुठ्ठा अजून तिथे फुगलेला आहे. आखातात आलेला अर्धा गाव गावची वेळ बाळगतो. काकांचं स्वतःचं टेबलावरचं घड्याळही तसलंच. तरी विचारलं नव्हतं. आणि आता सांगायला लाज वाटली. मला रद्दीखाली सारलं, खलास.

घर चुकीचं दाखवलं ते मी. मला तोंड नव्हतं, ही सबब मलाच पटत नाही.

शहाऐंशीत काका कायमचे परत गेले. जाताना मला गणपतला दिलं, "आठवण म्हणून". खरं तेव्हाही सांगितलं नाही. तो मला खिळ्याला टांगून रोज नमस्कार करतो. नको रे करूस. फाड मला.

शेवंती नऊ वर्षांची आहे. मायलेकी गेल्यापासून गणपत तिच्याबरोबर एका छपराखाली एकदाही झोपलेला नाही.