गुरुवारी गाडी कुठे लावायची

गाडी आल्यापासून घरात कोणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तशी ती काही नवी नव्हती. बाबांच्या आधी तिने दोन मालक बघितले होते आणि डाव्या दाराचा रंग उरलेल्या रंगाशी कायम भांडत असायचा. पण गाडी ती गाडी. अडचण एवढीच होती की रात्री ती झोपणार कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मैत्रीच्या बिल्डिंगला पार्किंग होतं, पण ज्यांनी ते फ्लॅटबरोबर वेगळे पैसे मोजून घेतलं त्यांच्यासाठी. तिच्या बाबांनी, म्हणजे बुद्धरत्नने, फ्लॅट घेतला तेव्हा त्यांच्याकडे एक बाईक होती, आणि आपल्याकडे कधी चारचाकी येईल असं स्वप्नसुद्धा कोणाला पडलं नव्हतं. त्यामुळे गाडी आता आकुर्डीच्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर उभी राहायची आणि बाबा जेवताना तीनदा उठून गॅलरीत जायचे, हातातला घास हातातच. एकदा आरसा तुटला. एकदा कोणीतरी चाकांतली हवा काढली. मग एके दिवशी टोइंगवाले गाडी उचलूनच घेऊन गेले आणि ती सोडवून आणल्यावर बाबा सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाले, "विकून टाकतो."

"नको," मैत्री लगेच म्हणाली. कारण गाडी विकणं म्हणजे नुसती गाडी विकणं नव्हतं. बाबांच्या कंपनीने आकुर्डीची बस बंद केली होती. दोन बस बदलून चाकण गाठायचं आणि तसंच परत यायचं, यात बाबांचे गुडघेही संपत होते आणि दिवसही. म्हणूनच गाडी घेतली होती. ती गेली की उरला एकच मार्ग. कारखान्यात बाबांच्याच लाइनवर काम करणारा सुजित चाकणला खोली घेऊन राहायचा, तिथे कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरती, जागा होती. बाबांनी तिथे राहायचं आणि बुधवारी रात्री घरी यायचं, कारण कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आणि गुरुवारी आई क्लिनिकमध्ये आणि मैत्री शाळेत. म्हणजे बाबांनी सुट्टी घ्यायची ती भिंतींना भेटायला.

आई, मिनल, फक्त म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघू. मैत्रीने मात्र तेवढ्यात ठरवून टाकलं की जागा आपण शोधायची. यंदा दहावीत गेल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की जगातली बरीचशी कामं लोक नीट विचारत नाहीत म्हणून अडतात. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून तर फारच.

शाळा दुपारची होती. सकाळी ती सायकल काढायची आणि गावठाणातल्या प्रत्येक मोकळ्या अंगणासमोर थांबायची. कोणाच्या अंगणात भाडेकरूंच्या दुचाकी होत्या, कोणाच्या अंगणात सिमेंटच्या गोण्या. एका आजोबांनी तिला पाणी दिलं, चहा विचारला, जातकुळी विचारली आणि जागा नाही म्हणून सांगितलं. ती तरातरा बाहेर पडली आणि पुढच्या बोळात शिरली. रात्री अंथरुणात पडल्यावरही तिच्या डोळ्यांपुढे नुसती गेटं यायची. उघडी गेटं, बंद गेटं, कुत्र्यापासून सावध राहायला सांगणारी गेटं.

मग तिला बिल्डिंगच्या मागच्याच बोळात सुमनताईंचं शेड सापडलं. मालोजीकाका आणि सुमनताई म्हणजे गावातलं जुनं घर. जमीन कारखान्यांत गेली, गोठा राहिला, त्यावर पत्रा टाकून त्यांनी एका गाडीची जागा केली होती. संध्याकाळी मैत्री गेली तेव्हा शेड रिकामं होतं. ती सायकल टाकून थेट ओट्यावर गेली. पण सुमनताई म्हणाल्या, जागा दिलेली हाय. समाधान नावाचा ड्रायव्हर होता, हिंगोलीकडचा. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या रात्रपाळीच्या लोकांना न्यायचा-आणायचा. त्याची कॅब संध्याकाळी बाहेर पडायची ती उजाडल्यावर परत यायची.

मैत्री घरी आली, जेवली, आणि बाबा सुजितच्या खोलीबद्दल आईला सांगत होते ते ऐकत बसली. एका कॉटवर दोन माणसं असतात म्हणे. एक दिवसपाळीला गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच गादीवर आडवा होतो, गादी गार व्हायला सवड नाही. आईने तोंड वाकडं केलं. मैत्री मात्र ताडकन उठली. एका कॉटवर दोन शिफ्टची माणसं झोपू शकतात, तर एका शेडमध्ये दोन शिफ्टच्या गाड्या का नाही?

दुसऱ्या दिवशी तिने हेच मालोजीकाकांना ऐकवलं. बाबा जनरल शिफ्टला, सकाळी निघणार, संध्याकाळी येणार. समाधानदादा बरोबर उलटे. भाडं दोघांत अर्धं.

काका हसत सुटले. "आगं पोरी, एका खुंट्याला दोन बैल बांधत्यात व्हय?"

"एकाच वेळी कुठे बांधायचेत, काका? एक चरायला गेला की दुसरा."

सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या. पोरगी वकील व्हायची, म्हणाल्या. समाधानलाही अर्ध्या भाड्याचा मोह आवरला नाही. आणि सोमवारी संध्याकाळपासून खरंच सुरू झालं. संध्याकाळी कॅब बाहेर, बाबा आत. संध्याकाळी कॅब बाहेर, बाबा आत. मंगळवारीही तेच, बुधवारीही. बाबा गॅलरीत न जाता जेवले, बुधवारी तर जेवून वर ताकही प्यायले. मैत्रीने ही गोष्ट वर्गात सांगितली, बिल्डिंगमध्ये सांगितली, दळण आणायला गेली तर गिरणीतही सांगितली. ती जमिनीवरून चालत नव्हतीच मुळी.

गुरुवारी सकाळी आई कामावर गेली होती. मैत्री केस विंचरत होती, बाबा झोपलेले होते. मागच्या बोळातून हॉर्न वाजायला लागला. तो थांबेचना, तेव्हा तिचा हात मध्येच राहिला आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. गुरुवार. बाबांची गाडी शेडमध्येच होती.

कारखान्याच्या पगारावर वाढलेल्या पोरीने गुरुवार विसरावा. जिच्या घरात वाढदिवससुद्धा गुरुवार बघून साजरे होतात, ती कामाच्या वेळा जुळवत बसली आणि सुट्टी कोणाची कधी, हे विचारायलाच विसरली. कॉटचं जमतं कारण ती दोन्ही माणसं एकाच कंपनीची, एकाच दिवशी गावाला जाणारी. इथे एकाचा गुरुवार चाकणचा आणि दुसऱ्याचा शनिवार-रविवार हिंजवडीचा.

ती बाबांना उठवून अर्ध्या वेणीने धावत गेली. कॅब बोळात आडवी, मागे दुधाचा टेम्पो अडकलेला, आणि समाधान शेडसमोर कमरेवर हात ठेवून उभा.

"रातभर गाडी चालवून यायलो," तो बाबांना म्हणाला, "अन् जागेवर तुमची गाडी. मी कुठं झोपू सांगा बरं? रस्त्यावर लावली तर कॅबच्या मालकाचा फोन येतो, गाडी उघड्यावर का म्हणून."

बाबांनी माफी मागितली, गाडी काढतो म्हणाले. पण मालोजीकाका आता ओट्यावर आले होते आणि त्यांचं हसू घरातच राहिलं होतं. "दोघं बसा हितं आन् काय ते ठरवा. न्हाईतर दोघंबी आपापल्या गाड्या न्या. माज्या दारात कालवा नगं."

टेम्पोला वाट करून दिली आणि तिघं ओट्यावर बसली. गुरुवारचं एक वेळ निभेल, बाबा म्हणाले, कॅब आत असेल तेवढा वेळ मी गाडी बाहेर ठेवीन. पण मग शनिवार-रविवारच्या रात्रींचं काय? समाधान त्या रात्री कामावर नाही, म्हणजे कॅब शेडमध्येच. आणि बाबांना दोन्ही दिवस कामावर जायचंय.

मैत्रीने सगळं वक्तृत्व गोळा केलं. "दादा, त्या दोन रात्री तुम्ही एअरपोर्टची भाडी मारली तर? पैसे पण मिळतील."

समाधानने डोळे चोळले. त्याला राग आला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "ताई, आठवड्यात दोनच रात्री मी माणसासारखा रात्री झोपतो," तो म्हणाला. "त्या बी मागायल्या का?"

ती ओट्याच्या कडेचा पोपडा नखाने काढत राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग समाधानकडे, आणि म्हणाले की त्या दोन रात्री गाडी कंपनीच्या आवारात राहील आणि मी सुजितकडे झोपेन. पाच रात्री घरी, दोन चाकणला. समाधानने मान डोलावली. काकांनी नुसतं "हां" केलं. एवढ्यावर मिटलं.

मैत्रीचं मिटलं नव्हतं. रविवार म्हणजे तिला शाळा नसण्याचा एकुलता एक दिवस, आणि नेमकी तीच रात्र गेली होती. वाटाघाट करायला गेली ती, आणि वाटणीत गेला तिचाच रविवार. पण सहा रात्रींपेक्षा दोन बऱ्या, हेही तिला कळत होतं. रडावं की उड्या माराव्यात ते काही केल्या ठरेना.

बाबांनी गाडी बाहेर काढली. कॅब आत गेली. गेट लागलं.

"आता?" मैत्रीने गाडीच्या खिडकीत डोकावून विचारलं.

"आता संध्याकाळपर्यंत फिरायचं. आत बस. तुला शाळेत पण सोडतो."

"शाळा दुपारी आहे."

"मग दुपारपर्यंत फिरू."

मैत्री घरी पळाली, उरलेली वेणी जिन्यातच घातली, दप्तर आणि डबा घेऊन खाली आली. एरवी गुरुवारी ती शाळेला निघेपर्यंत बाबा उठतच नसत. आज ते शेजारी बसून गियर बदलत होते आणि बोलत होते. लाइनवर नवा रोबो आलाय तो एका बोल्टला दोनदा फिरवतो, सुजित घोरतो, ती वकील होणार हे सुमनताई आता बोळभर सांगत सुटल्यात. स्टेशनजवळ एका झाडाखाली सावली मिळाली. त्यांनी इंजिन बंद केलं, डबा उघडला. मेथीची भाजी, पोळी, लोणचं.

"शनिवारी मी पण येऊ का सुजितकाकांकडे?" मैत्रीने विचारलं.

"कॉट एक आहे गं."

"मग तुम्ही तिथून फोन करायचा. रोज नाही, त्या दोन रात्री. जेवण झाल्याबरोबर."

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि हो म्हणाले. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ट्रॅफिकवाला उभा होता.

"इथं लावू नका. पुढे घ्या."

बाबांनी किल्ली फिरवली. मैत्रीने डब्यावर झाकण न लावताच तो मांडीवर घट्ट धरला, आणि एक घास बाबांच्या तोंडात भरवून म्हणाली, "चला, उजवीकडे बघा, तिथं अजून एक झाड आहे."