खिळ्यावरचा शर्ट

खोडरबराच्या काळपट, बारीक वळ्या घामाने तळहाताला चिकटल्या होत्या, आणि त्या झटकून टाकायच्या सोडून आम्रपाली त्यांच्याकडे बघत उभी होती. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली होती. सातवी ब चा वर्ग रिकामा, फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरात ‘स्मरणचित्र – आमच्या घरातली संध्याकाळ’, आणि हातात ह्या सात-आठ वळ्या. मघाशी, अगदी दहा मिनिटांपूर्वी, ह्यातली एखादी वळी कुणाचा तरी खांदा होती… दुसरी कदाचित कॉलर. आता कुठली कोणती ते कसं ओळखायचं?

वीस सराव पाठांमधला हा विसावा. कला शिक्षकाची पदविका घ्यायची तर भोसरीच्या ह्या शाळेत दोन महिने काढायचे, वीस पाठ घ्यायचे, आणि शेवटच्या पाठाला कॉलेजच्या सुमेधा मॅडम मागच्या बाकावर गुणपत्रिका घेऊन बसणार – हे तिला जूनपासून ठाऊक होतं. तयारीत कसूर नव्हती. पाठ टाचणात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, वर लाल रेघही मारली होती, की मुलाच्या कागदाला शिक्षकाने हात लावायचा नाही, दुरुस्ती वेगळ्या कागदावर दाखवायची. लिहायला काय जातं? मॅडम उठल्या, रांगेतून चित्रं बघत पुढे यायला लागल्या, आणि आम्रपालीची नजर नेमकी करिष्माच्या कागदावर पडली. एक खोली. कॉट, गॅस, भाजी निवडणारी आजी, सगळं जागच्या जागी. आणि भिंतीवर खिळ्याला एक शर्ट, पण केवढा… दारापेक्षा मोठा, कॉलर छताला टेकलेली, दोन्ही बाह्या फुगलेल्या. प्रमाण साफ चुकलं होतं. मॅडम दोन बाकांच्या अंतरावर आल्या होत्या. ‘बघ हं,’ म्हणत ती वाकली, रबर घेतलं, आणि दोन मिनिटांत शर्ट हवा तेवढा झाला. खिळ्यापासून खाली पडणाऱ्या चुण्या, लोंबत्या बाह्या. कपड्यांच्या चुण्या तिला फार छान जमतात. मॅडम आल्या, बघितलं, मान हलवली, पुढे गेल्या.

करिष्मा कागदाकडे बघत राहिली होती.

“ताई, आता ह्यात कुणी न्हाई.”

आम्रपालीला कळलंच नाही. शर्टात, करिष्मा म्हणाली, पप्पा होते. शेजारच्या मुलीने मग हळूच सांगितलं की हिचे पप्पा दिवाळीच्या आधी वारले, चाकणला फर्स्ट शिफ्टला गाडीवरून जाताना. करिष्माने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. पेन्सिलीला टोक करून मागावं तसं तिने मागितलं,

“पहिल्यासारखं करून द्या ना.”

उद्या देते, असं आम्रपाली म्हणाली होती. उद्या तिचा ह्या शाळेतला शेवटचा दिवस.

तिने हात रुमालाला पुसायला घेतला आणि मग पुसला नाही. वळ्या रुमालात पाडून रुमालाची घडी घातली. वेडेपणाच हा. वळ्या जोडून का शर्ट होतो?

शिक्षक खोलीत सुमेधा मॅडमनी पाठाचं तोंडभरून कौतुक केलं. वर्गावरचा ताबा चांगला, फलकलेखन उत्तम, आणि ते शेवटच्या रांगेतलं चित्र तर विशेष; सातवीतल्या मुलीला अशा चुण्या काढता याव्यात, हे शिकवणारीचंच यश. ते फाईलला लाव, म्हणाल्या. आम्रपाली ‘हो मॅडम’ म्हणाली. मी केवढ्या सहज हो म्हणाले. जीभ अडखळली नाही, मान खाली गेली नाही… चेहऱ्यावर तर हसू होतं. आणि त्या हसण्याची लाज तिला जिना उतरताना, फाटकाबाहेर पडताना, दापोडीची बस येईपर्यंत नुसती जाळत राहिली.

बसमध्ये तिने करिष्माचा कागद मांडीवर आडवा धरला, डोळे मिटले. स्मरणचित्रात ती वर्गात पहिली. एकदा बघितलेलं ती विसरत नाही. नाशिक फाट्याचा पूल कुठून कसा वळतो, खांबांच्या मध्ये किती अंतर दिसतं, ते ती आत्ता काढून देईल. मग शर्ट का येत नाही? बटणं किती होती? खिसा होता का, खिशात काही होतं का – पेन, कंपनीचं कार्ड? बाह्या कोपरात वाकलेल्या होत्या… की हात पसरलेले? ती आठवायला बसली की दरवेळी तिचाच तो नेटका, लोंबता शर्ट पुढे यायचा. नाशिक फाटा गेला. तेव्हा कुठे तिला उमगलं, की आठवायला आधी बघावं लागतं. मी तो शर्ट बघितलाच नव्हता. मी फक्त चूक बघितली होती.

घरी वडील, जयसिंग, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसले होते. जेवलीस का, त्यांनी विचारलं. जेवले, ती खोटं बोलली. चपला काढताना दार पुढे ढकललं गेलं आणि दारामागचा खिळा दिसला. रिकामा. आठ महिने तो रिकामाच आहे, आणि बाबा आपला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकतात. त्यांना आजवर दहादा तरी ती म्हणाली असेल, की बाबा, खिळा आहे ना. ते हो म्हणतात आणि पुन्हा खुर्चीवर टाकतात. विसरतात बिचारे, असं तिला वाटायचं.

त्या खिळ्याला आईचा कोट असायचा. कस्तुरा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदारीवर. कंपनीचा राखाडी कोट घालून पहाटे जायची, साडेचारला आली की पहिल्यांदा तो ह्या खिळ्याला. आणि कोट लटकत नसे… हो, आत्ता, चपला हातात घेऊन उभी असताना तिला हे दिसतंय – कोट कधीच सरळ लटकत नसे. दिवसभर खोकी उचलून त्याच्या कोपरांना बाक आलेला असायचा, बाह्या थोड्या पुढे, कुणाला तरी काहीतरी द्यायला निघाल्यासारख्या. आई आत चहा टाकत असायची आणि कोट दारामागे तसाच. ओव्हरटाइम करकरून तिने मुलीची फी भरली, रंग आणले, आणि मग एका आठवड्यात ताप डोक्यात जाऊन ती गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी घर आवरायला आम्रपालीच उभी राहिली. पोरगी खंबीर आहे, पाहुणे म्हणाले. तिने भांडी लावली, औषधं फेकली, साड्या वाटल्या. कोट धुतला. एकदा धुऊन बाक गेला नाही म्हणून पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुतला आणि कडक इस्त्री मारली, तेव्हा कुठे तो पुठ्ठ्यासारखा सपाट झाला. मग शेजारच्या मंजुळाबाईंना दिला, त्या आईच्याच लाइनवर कामाला. वाया कशाला घालवायचा. किती शहाणी मुलगी.

ती खिडकीशी बसली, कागद गुडघ्यावर घेऊन. ऊन तिरकं आलं होतं. त्या तिरक्या उजेडात तिला कागदावर एक चर दिसला – रेघ नव्हे, रेघेची खूण. करिष्मा पेन्सिल फार दाबून धरते, पहिल्याच दिवशी तिने टोकलं होतं तिला. शिसं पुसलं गेलं, पण दाब कागदात राहिला होता. आम्रपालीने बोट टेकवलं आणि चराबरोबर सावकाश नेलं. खांदा. मग बाही… बाही वाकली. कोपरात वाकली, आणि हात आजीच्या दिशेने, भाजीच्या पराती‍कडे गेला. दुसऱ्या बाजूला मात्र काहीच लागेना. तिथे तिने रबर जोरात घासलं होतं. कागदाला नुसती लोकर फुटावी तसा पोत आला होता, आणि वर तिच्या सुंदर चुण्या. पेन्सिल आडवी फिरवली तर एक हात वर येईल. एकच. आणि तोही माझ्या हाताने.

पेन्सिल बोटांत तशीच राहिली.

बाहेर कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला. साडेचार. आठ महिने ह्या वेळी ती खिडकीकडे पाठ करून बसत आली होती, आणि आपण पाठ करून बसतो हेही तिला आजच कळत होतं. ती उठली, दारात गेली. मंजुळाबाई गल्लीतून येत होत्या. त्या आईपेक्षा बुटक्या, कोटाच्या बाह्या त्यांनी दोनदा दुमडल्या होत्या. एका हातात पिशवी. कोपरांना बाक होता… पण तो मंजुळाबाईंचा होता.

“काय गं, बाबा बरे आहेत ना?” त्या थांबून म्हणाल्या.

बरे आहेत, असं सांगायचं होतं. ती कोटाकडे बघत राहिली – बटणं चार, खिसा डावीकडे, खिशाची शिवण एका टोकाला उसवलेली, हे सगळं नीट बघत – आणि ओठांवर एक वाक्य आलं, दुसऱ्याच कुणाचं, पेन्सिलीला टोक मागावं इतकं साधं. पहिल्यासारखं करून द्या ना. मंजुळाबाई वाट बघत उभ्या होत्या. मागे बाबांनी टीव्ही बंद केला होता.